फौजदाराचं ऑपरेशन

“अण्णा, फौजदाराला आता जाईच्या पिंजऱ्यात ठेवू का?”

मी मोठ्यानं विचारलं. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि आई परसात सशांसाठी घास निवडत होती. दोघींनाही ऐकू जायला हवं होतं.

अण्णांनी पेपर खाली केला.

“जखम भरली का त्याची?”

“भरली.”

“मग विचारतेस कशाला? ऑपरेशन झालं म्हणजे झालं. आता त्याला जाईजवळ ठेव नाहीतर बाजारात नेऊन बसव, एकच.”

“नक्की ना?”

“पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी.”

“मग तुम्हीच ठेवता का? मला लाथा मारतो तो.”

अण्णा उठले. धोतराचा सोगा खोचला, एका हातानं फौजदाराची मान आणि दुसऱ्या हातानं बूड धरून त्याला उचललं. फौजदारानं त्यांच्या मनगटावर एक लांब ओरखडा काढला. अण्णांनी त्याला जाईच्या पिंजऱ्यात सोडलं, स्वतःच्या हातानं कडी लावली आणि परत पेपर उघडला.

आत्या पिठाच्या हातांनी दारात येऊन बघत होती. आईनं मान वर केली नाही.

मला एवढंच हवं होतं.

साहित्य

वर्गात अण्णा प्रयोग लिहून घ्यायचे तेव्हा क्रम ठरलेला असे. उद्देश, साहित्य, कृती, दक्षता, निरीक्षण, अनुमान. क्रम चुकला की पोराला बाकावर उभं करत. मी तीन वर्षं त्यांच्या वर्गात होते. मला त्यांनी कधी उभं केलं नाही. माझे प्रयोग ते बघतच नसत, मॉनिटरकडे द्यायचे.

इथं मी क्रम चुकवते आहे. उभं करायला आता अण्णा नाहीत.

तर साहित्य.

दोन ससे. सोमवारच्या बाजारातून “दोघी बहिणी हायत, काय झंझट न्हाई” असं ऐकून मी आणलेले. त्यातली एक बहीण महिन्याभरात दुसरीच्या मागं पिंजराभर पळायला लागली. तिला आत्यानं फौजदार नाव दिलं. दुसरी जाई. पांढरी, एक कान पडलेला.

एक स्टीलची बादली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, “कुटुंब कल्याण शिबिर, सप्रेम भेट.” सशांचा घास त्या बादलीत असायचा. माझ्या जन्माआधी ही बादली बैठकीच्या खोलीत कपाटावर मांडलेली असे. माझ्या जन्माआधीच ती परसात गेली.

ही बादली अण्णांना स्टेजवर मिळाली होती. नारळ आणि टाळ्यांसकट. आमच्या भागात पुरुषांनी नसबंदी करून घ्यायची म्हटलं की माणसं गल्ली बदलायची, तेव्हा खोत सर, हायस्कूलचे विज्ञानशिक्षक, स्वतःहून पुढे झाले. “बायकोला का पुढं करता? स्वतः या,” असं त्यांनी माइकवर सांगितलं. दादा होता, ताई होती, संसार पुरे झाला होता. आमच्या गावात असं बोलणारा आणि बोलल्याप्रमाणे करणारा तो पहिला माणूस. हे मी अण्णांच्या बाजूनं सांगते आहे, कारण पुढचं त्यांच्या बाजूचं नाही.

बादली घरी आली आणि थोड्याच दिवसांत आईला दिवस गेले.

“खोत सरांचा प्रयोग फसला,” असं गाव म्हणालं. शिक्षकांच्या खोलीत म्हणालं, पारावर म्हणालं, सलूनमध्ये म्हणालं. काही जण याच्या पुढचंही म्हणाले. पोर कुणावर गेलीय ते बघायला बायका बारशाला यायच्या होत्या, पण अण्णांनी बारसं केलंच नाही. स्वरूपा हे नाव मामानं ठेवलं, त्याच्या घरी.

साहित्यात शेवटचं, पाण्याचं एक भांडं.

अण्णांनी आईवर कधी हात उचलला नाही. आवाजही चढवला नाही. तिला घराबाहेर काढलं नाही, तिनं रांधलेलं जेवत होते, तिनं धुतलेलं नेसत होते. फक्त तिच्या हातून पाणी घ्यायचं बंद केलं. शाळेतून आले की खुर्चीत बसायचे आणि हाक मारायचे, “ताई, पाणी.” ताई लग्न होऊन गेल्यावर, “इंदू, पाणी.” इंदू म्हणजे माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असलेली. आई समोर माठाला टेकून उभी असली तरी इंदू, पाणी. पाहुण्यांसमोर. जावयासमोर. माझ्या सगळ्या आयुष्यात एकही दिवस चुकला नाही.

मलाही त्यांनी कधी पाणी मागितलं नाही.

कृती

जाईनं पहिल्यांदा सहा पिल्लं घातली. ती वाटता वाटता माझ्या चपला झिजल्या. शेवटचं पिल्लू पोस्टमनला दिलं त्या दिवशी अण्णा म्हणाले, “पुन्हा व्हायच्या आत नराचं ऑपरेशन करून आण. सोपं असतं. मादीचं अवघड.” आणि मग आत्याला समजावून सांगितलं की नर आणि मादी यांच्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीनं काय फरक असतो, आणि कुठली गोष्ट कापली की कुठली गोष्ट थांबते. आत्या डोक्यावर पदर घेऊन ऐकत होती.

“म्हंजे बैल खच्ची करत्यात तसंच की,” ती म्हणाली.

“तसंच. फक्त स्वच्छ.”

आई दाराआड उभी राहून ऐकत होती. अण्णांना या विषयावर इतकं सहज बोलताना ती आणि मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आत्यानं फौजदाराला काही खाऊ दिलं नाही. आदल्या संध्याकाळपासूनच त्याचा घास काढून घेतला होता. तिचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तिला उपाशी ठेवलं होतं, तसं. शिवाय शनिवार होता. “मारुतीचा उपास घडंल त्याला,” ती म्हणाली.

दवाखाना बसस्टँडच्या मागं होता. डॉक्टर नदाफ म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी बाई, हातात रबरी मोजे, पायांत गमबूट. तिनं फौजदाराच्या पोटावर हात फिरवला.

“हा काही खाऊन आलाय का?”

“नाही. ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलाय.”

“कुणी सांगितलं?”

“आत्यानं.”

“आत्यांना सांग, ससा उपाशी ठेवायचा नसतो. कुत्रा ठेवायचा, माणूस ठेवायचा, ससा नाही. याला उलटी होतच नाही, मग उपाशी कशाला? आतडी एकदा थांबली की ऑपरेशननं नाही, उपासानं मरतो. जा, घेऊन जा. पोटभर खायला घाल, उद्या सकाळी खातखातच घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी खातखातच घेऊन गेले. तासाभरात झालं. फौजदार टॉवेलात गुंडाळलेला, डोळे अर्धवट उघडे, एरवीचा रुबाब उतरलेला. डॉक्टरनं जखम दाखवली. कुठला घास, किती औषध, पिंजऱ्यात माती नको, कागद घाल, असं सगळं सांगितलं.

आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. मी तिला ती दोनदा सांगायला लावली. मग पायरीवरच बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणून दिलं.

घरी आले तेव्हा अण्णांनी विचारलं, “काय म्हणाली डॉक्टर?”

“म्हणाली, ऑपरेशन छान झालंय. उपाशी ठेवू नका.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

दक्षता

ही जागा रिकामी सोडते. तेव्हाही सोडली होती.

निरीक्षण

पहिल्यांदा आत्यानं पाहिलं.

“ही जाई केस का उपटाय लागलीय छातीचं?”

जाई कोपऱ्यात वाळक्या घासाचा खळगा करत होती आणि तोंडानं स्वतःच्या छातीवरची लव काढून त्यात भरत होती. पहिल्या वेळी तिनं असंच केलं होतं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

“खाज आली असेल,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लव हलत होती. आत्यानं काडीनं बाजूला केली. आत पाच गुलाबी जीव, डोळे मिटलेले, एकमेकांच्या अंगावर.

आत्या किती वेळ तशीच वाकून राहिली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“दादा, जरा बाहेर या.”

अण्णा आले. पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

“शक्य नाही,” ते म्हणाले.

“शक्य न्हाई म्हंजे? पाच हायत की.”

“दुसरा ससा आला असेल कुठून तरी.”

“कुठनं? या गल्लीत ससा न्हाई, त्या गल्लीत न्हाई. परसाला भित्ताड, पिंजऱ्याला कडी. तुमीच लावलीया.”

“मग ऑपरेशन चुकलंय.”

आत्या पिंजऱ्याकडे वळली. जाई अंग आखडून बसली होती, पडलेला कान आणखी पडलेला. आत्याचा आवाज खाली आला, त्यात ते सगळं आलं जे तिच्या आवाजात मी लहानपणापासून ऐकत आले होते.

“ऑपरेशन कशाला चुकतंय? हीच तसली निघाली. कुठं जाऊन आली कुनाला ठावं. पांढऱ्या रंगाला भुलू नये मानसानं.”

आई बादली घेऊन नळावर चालली होती. ती थांबली. तिनं बादली खाली ठेवली, पिंजऱ्याजवळ आली आणि काडी आत्याच्या हातातून काढून घेतली.

“वन्सं,” ती म्हणाली, “तिला बोलू नका.”

एवढंच. पण आई आत्याला काही म्हणाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनीही. ते दोघींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चला. त्या डॉक्टरलाच विचारतो. सगळे चला.”

सगळे चला हे त्यांनी रागानं म्हटलं होतं. मी ते शब्दशः घेतलं.

“आई, फौजदाराला तूच धर,” मी म्हणाले. “तुझ्याकडेच तो गप्प बसतो.”

दक्षता, पुन्हा

“तुमचं ऑपरेशन फेल गेलं, डॉक्टर,” अण्णा म्हणाले. वर्गात कुणाचा तरी प्रयोग चुकला की काढत तोच आवाज. बाकावर दोन शेतकरी शेळी घेऊन बसले होते, त्यांनी शेळी जवळ ओढली.

डॉक्टर नदाफनं फौजदाराला आईच्या मांडीवरच उताणं केलं आणि नीट पाहिलं.

“ऑपरेशन बरोबर आहे, सर. काय झालं?”

“मादीला पाच पिल्लं झालीत.”

“एकत्र कधी ठेवले?”

“जखम भरल्यावर लगेच. दहा-बारा दिवसांनी.”

“मग होणारच,” ती म्हणाली आणि मोजे काढायला लागली. “सहा आठवडे लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं मी. तुमच्या मुलीला दोनदा सांगितलं होतं.”

अण्णा माझ्याकडे वळले. तुमच्या मुलीला, हे त्यांनी ऐकलं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“तुला सांगितलं होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं.”

“विचारलं होतं.”

“मग?”

“डॉक्टर,” मी म्हणाले, “मला ते सगळं जसं सांगितलं होतं तसंच अण्णांना सांगा ना. माणसांचं सांगितलं होतं तेही.”

तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. तिनं हात धुता धुता सांगितलं, पाठ आमच्याकडे करून, रोज चारचौघांना सांगतात तसं.

“ऑपरेशन झालं तरी आधी तयार झालेलं आत शिल्लक राहतं ना, सर. ते संपायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांत मादी जवळ आली तर पिल्लं होतात. माणसांतही तेच. नसबंदी झाली की तीन महिने जपायला सांगतात आणि परत तपासणीला बोलावतात. बहुतेक जण जातच नाहीत परत. मग घरी भांडणं.”

नळ बंद झाला.

आत्या बाकाच्या टोकाला बसली होती. ती पुढे सरकली.

“अवो डॉक्टरीनबाई, म्हंजे ही पिल्लं ह्याचीच?”

“त्याचीच, आजी. दुसरा कोण आहे घरात?”

आत्यानं तोंडाला पदर लावला.

“न्हाई,” ती म्हणाली. “दुसरं कोन न्हाई.”

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गाईच्या पोटाच्या आतलं चित्र होतं, त्यातले भाग रंगवलेले आणि नावं लिहिलेली. ते ती नावं वाचत असावेत. ओठ हलत होते.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुम्हाला शिबिरातून परत बोलावलं होतं. गेला होता?”

शेळी घेऊन बसलेल्यांपैकी एकानं दुसऱ्याला कोपरानं डिवचलं. मला दिसलं. मी आवाज खाली आणला नाही. माझ्या जन्माची चर्चा सलूनमध्ये झाली होती, दवाखान्यात व्हायला काय हरकत होती?

बोलली आई. फौजदाराच्या कानांमधून हात फिरवत, त्याच्याकडेच बघत.

“नाही गेले,” ती म्हणाली.

उद्देश

हे सगळ्यात आधी लिहायचं असतं.

कॉलेजात असताना एकदा आई ती बादली राखेनं घासत होती आणि मी शेजारी बसले होते. कोरलेल्या अक्षरांत राख अडकते, ती काडीनं काढावी लागते. काढता काढता ती म्हणाली, “मी म्हटलं होतं त्यांना, महिन्या-दोन महिन्यांनी परत बोलावलंय तर जाऊन या. म्हणाले, स्टेजवर नारळ घेतलाय मी, आता परत जाऊन काय सांगू, माझा माझ्यावर विश्वास नाही म्हणून?” मग बादली उपडी घालताना म्हणाली, “कशाला बोलावलं होतं कुणास ठाऊक.”

तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आपण काही केलेलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं, फौजदाराला टॉवेलात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसेपर्यंत.

घरी जाऊन तेव्हाच सांगितलं असतं तर? अण्णा म्हणाले असते, ती जनावरांची डॉक्टर आहे. आत्या म्हणाली असती, आईची पोर आईचीच बाजू घेणार. सांगून बघायचं ते आईनं मी पोटात असतानाच सांगून पाहिलं होतं. अण्णांना सांगितलेलं पटत नसे. केलेलं पटे, डोळ्यांनी पाहिलेलं पटे, आणि स्वतःच्या हातानं केलेलं तर नाकारताच येत नसे. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. म्हणून कडी त्यांच्याच हातानं लावून घेतली.

जाईला यात एक बाळंतपण जास्तीचं सोसावं लागलं. त्याबद्दल मी जाईशी बोलले. अण्णांशी बोलले नाही. आज विचारलं तरी सांगेन, पुन्हा हेच केलं असतं.

अनुमान

अनुमान काढायचं काम मी त्यांच्याकडे सोडलं होतं. मी फक्त पुढचं निरीक्षण लिहिते.

घरी आल्यावर आई सरळ परसात गेली. फौजदाराला तिनं वेगळ्या खोक्यात ठेवलं, जाईसमोर घास टाकला आणि खळग्यातल्या पिल्लांवर लव नीट ओढली.

अण्णा खुर्चीत बसले. चपला काढल्या नाहीत. आत्या सवयीनं तांब्या-भांडं घेऊन आली आणि समोर धरून उभी राहिली. अण्णांनी हात पुढे केला नाही.

“ठेव ते, इंदू.”

आत्यानं तांब्या खाली ठेवला.

अण्णांनी परसाच्या दाराकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

“शालन,” ते म्हणाले, “पाणी दे.”

हेच तर मला हवं होतं. आता आई हात पुसेल, आत येईल, भांडं विसळेल, भरेल. कळायला लागल्यापासून मी हे मनातल्या मनात पाहत आले होते. त्यात भांडं कुठलं असेल तेही माझं ठरलेलं होतं.

आई वळलीसुद्धा नाही.

“माठ तिथंच आहे,” ती म्हणाली.

आत्या तांब्याकडे वाकली.

“वन्सं, राहू दे तो,” आई म्हणाली. “त्यांचे हात रिकामेच आहेत.”

अण्णा उठले. स्वयंपाकघरात गेले. भांडी कुठल्या फळीवर असतात ते त्यांना माहीत नव्हतं. एक कपाट उघडलं, त्यात डाळी होत्या. दुसरं उघडलं, त्यात लोणच्याच्या बरण्या. मी सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं नाही. शेवटी त्यांना भांडं सापडलं. माठात बुडवून त्यांनी ते भरलं आणि उभ्यानंच प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं.

त्यानंतर अण्णा नऊ वर्षं होते. पाणी स्वतःच घेत. मला स्वरूपा अशी हाक मारायला लागले, आधी अवघडून, मग सरावानं. माझ्या लग्नात आईशेजारी पाटावर बसले. गावात कुणी जुना विषय काढला तर स्वतः सांगायचे, “चूक माझी होती, मी परत गेलो नाही.” सलूनमध्येसुद्धा सांगितलं म्हणे. ते मला आवडलं.

एकदाच, उन्हाळ्यात, मी माहेरी आले होते. अण्णांनी माठातून दोन भांडी भरली. एक प्यायले. दुसरं घेऊन परसाच्या दारापर्यंत आले. आई जाईचा पिंजरा झाडत होती. त्यांनी ते भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेले.

आईनं केरसुणी ठेवली. हात धुतले. भांडं उचललं, आतल्या पाण्याकडे पाहिलं.

आणि जाईच्या वाटीत ओतलं.